विरघळलेली साखर

स्वयंपाकघरातील साधनांची कोणी यादी करावयास बसले, तर एक गोष्ट पहिल्या पाच मिनिटांतच ध्यानात येते. पदार्थ मिसळण्यासाठी एक पळी पुरते. वेगळे करण्यासाठी मात्र सूप, चाळण, रोळी, गाळणी, झारा, रवी आणि पाणी गाळण्याचे दुहेरी फडके एवढा सरंजाम लागतो. कल्याणच्या जुन्या वाड्यांत ही सारी साधने खुंटीवर किंवा फडताळात असत. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये सूप माळ्यावर गेले, रवीची जागा मिक्सरने घेतली. फडके तेवढे अजून नळाला बांधलेले दिसते.

प्रत्येक साधनाला एकच भेद कळतो, पण तो चोख कळतो. सुपाला वजन कळते, म्हणून फोलपट उडते आणि दाणा मागे सरतो. चाळणीला आकार कळतो. रोळीत तांदूळ पाण्याबरोबर पुढे सरकतात आणि खडा तळाशी राहतो. रवीला तर हवामानही सांभाळावे लागते. उन्हाळ्यात ताकात गार पाणी आणि थंडीत कोमट पाणी घातल्याशिवाय लोणी नीट एकत्र येत नाही. तेच लोणी कढवताना जो तडतड आवाज होतो, तो त्यातील पाण्याचा. लोण्याचा सुमारे सहावा भाग पाणी असते. ते उडून गेले की आवाज थांबतो, बेरी तळाशी बसते आणि अनुभवी गृहिणी पातेल्यात न डोकावता आतल्या खोलीतून सांगते, की तूप झाले.

पाणी गाळण्याची रीत या सर्वांहून निराळी. इतरत्र जे नको असेल ते टाकून दिले जाते. येथे फडक्यावर जे राहिले, त्याचीही काळजी वाहिली जाते. फडके उलटे करून, त्यावर गाळलेलेच पाणी सोडून, ते सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत परत पोहोचवायचे. हिंदी भाषक घरांत त्याला जिवाणी म्हणतात, गुजराती घरांत संखारो. नळाच्या पाण्याची जिवाणी कोणत्या विहिरीत सोडायची, हा प्रश्न सातव्या मजल्यावर काही सुटत नाही, हे खरे. काय कशात मिसळावे याचेही नियम आहेतच. कच्च्या दह्याताकात डाळीचे पीठ घालायचे नाही; कढी करायची तर ताक आधी तापवायचे आणि मग त्याला बेसन लावायचे. ज्या घरांत हे पाळले जाते, तेथे लहान मुलांनाही मिसळणे ही विचार करून करावयाची क्रिया आहे, हे न शिकवता कळते.

मात्र या साऱ्या साधनांचा अधिकार एका ठिकाणी संपतो. जे विरघळले, ते त्यांच्या हाती लागत नाही. सरबत चौपदरी मलमलीतून गाळले तरी गोडच उतरते. मीठ आणि साखर चुकून एकाच डब्यात पडली, तर दोन्ही जिन्नस शुद्ध असूनही डबा निकामी होतो, कारण पाण्यात घालून वेगळे करावे म्हटले तर दोन्ही विरघळतात.

विरघळण्याचेही हिशेब आहेत. खोलीतल्या तापमानाच्या लिटरभर पाण्यात मीठ सुमारे ३६० ग्रॅम मावते. पाणी उकळले तरी त्यात फार तर तीस-पस्तीस ग्रॅमची भर पडते. साखर मात्र साध्या पाण्यात दोन किलो आणि उकळत्या पाण्यात साडेचार किलोहूनही अधिक मावते. म्हणून या दोघांना परत मिळवण्याच्या वाटा निरनिराळ्या झाल्या. साखरेचा गरम दाट पाक सावकाश गार होऊ दिला, की पाण्याला न पेलणारी साखर दोऱ्याभोवती जमते आणि खडीसाखर होते. मिठाचे पाणी गार करून काही हाती येत नाही. तेथे पाणीच उडवावे लागते. ठाण्याच्या खाडीलगत भांडुप-कांजूरमार्गकडे आणि उत्तरेला भाईंदरला जी मिठागरे होती, ती याच तत्त्वावर चालत. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उथळ वाफ्यांतून ते पाणी पुढे पुढे नेत उन्हाने आटवायचे, मीठ धरले की ओढून घ्यायचे आणि उरलेले कडू पाणी सोडून द्यायचे. हे कडू पाणी सोडून देण्याची वेळ साधणे हेच कसब, कारण ऊन फक्त पाणी उचलते. पाण्यात जे जे विरघळलेले असते, ते सारे मागेच राहते. चहाच्या किटलीच्या तळाशी बसणारा पांढरा थर पाहिलेल्या कोणालाही हे ठाऊक असते. त्याचा अर्थ व्यवहारात लावण्याची वेळ मात्र क्वचित येते.

कल्याणच्या एका किराणा व्यापारी कुटुंबावर ती वेळ २००५ साली आली.

घराणे मूळचे फलटणकडचे. दोघे भाऊ, दोघांची एकच चूल आणि एकच दुकान. थोरल्यांना सारे अण्णा म्हणत, धाकट्यांना बापू. वृद्ध आई, जिला घरात बाई म्हणत, तिच्या शब्दाला दोघांच्याही वर मान. दुकान वालधुनी नदीच्या बाजूला, सखल भागात. त्यामागे गोदामाचा वेगळा गाळा. बँकेची कॅश क्रेडिट उचल होती, पुरवठादारांशी सचोटीचे खाते होते. गल्ल्यावर कधी ओरड नव्हती.

२६ जुलै २००५ हा मंगळवार होता. चातुर्मास नुकताच लागला होता. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हा आकडा पुढे सर्वांना पाठ झाला. कल्याणकरांच्या आठवणीत मात्र आकड्यापेक्षा उल्हास आणि वालधुनी या दोन नद्यांचे पाणी आहे. रात्रीतून ते दुकानांत शिरले. दोघा भावांना शटर उघडता आले ते गुरुवारी.

आत जे दिसले, ते एखाद्या शिक्षकाने मांडून ठेवावे तसे होते. तेलाचे बंद डबे एका कोपऱ्यात तरंगत जाऊन आडवे पडले होते. आतला माल शाबूत. व्हिनेगरच्या बाटल्या चिखलाने माखल्या होत्या, पण बुचे घट्ट होती. डाळी आणि तांदूळ फुगून पोती उसवली होती. जाड्या मिठाची पोती रिकामी. आणि साखरेची थप्पी, जी लाकडी फळ्यांवर नीट रचलेली होती, ती कोसळली होती. खालच्या ओळींतील साखर पाण्याबरोबर निघून गेली, खालचा आधार गेला आणि वरची पोती चिखलात लवंडली. खाली उरली होती ती ओली, चिकट, माणसाने अंगातून काढून टाकलेल्या सदऱ्यासारखी पडलेली तागाची पोती.

रकमेने पाहता तूरडाळ आणि तांदूळ यांचे नुकसान मोठे होते. पण साखरेने जो पेच घातला, तो डाळीने घातला नाही. डाळ खराब झालेली तरी दिसत होती. विम्याचे सर्व्हेअर आले, त्यांनी डाळ मोजली, तांदूळ मोजला आणि साखरेपाशी येऊन विचारले, माल कुठे आहे? प्रश्न गैर नव्हता. जळलेल्या मालाची राख राहते, कुजलेल्याचा वास राहतो. विरघळलेला माल पुरावाही बरोबर घेऊन जातो. खरेदीची बिले भिजलेली. अखेर रिकामी पोती आणि पुरवठादाराच्या वहीतील नोंदी यांवर काम भागले. भरपाई तरीही पुरती मिळाली नाहीच. विम्याची रक्कम जुन्या साठ्याच्या अंदाजाने उतरवलेली होती. माल वाढला, ती वाढवायची राहिली. मालाच्या किमतीच्या निम्म्याचाच विमा असेल तर नुकसानीचीही निम्मीच भरपाई मिळते, हे कलम पॉलिसीवर छापलेले असते. व्यापारी माणूस हप्त्याचा आकडा वाचतो आणि पान उलटतो.

तिसऱ्या दिवशी एक इसम टेम्पो घेऊन आला. तो अशाच दुकानांतून हिंडत होता. फुगलेली डाळ, भिजलेला तांदूळ आणि थप्पीवरून लवंडून अर्धी ओली झालेली साखरेची पोती, सारे तो घेणार होता. भाव पडेल, पण रोख. वाळवून, चांगल्या मालात दहास एक या प्रमाणात मिसळले की कोणाला कळतही नाही, असे तो मोकळेपणाने म्हणाला.

बापूंनी हिशेब केला. नोकरांचे पगार होते. पुरवठादारांची देणी होती. बापूंच्या मुलाला अभियांत्रिकीच्या खासगी महाविद्यालयात जागा मिळत होती आणि फी पंधरा दिवसांत भरायची होती.

"अण्णा, मिसळणार तो. आपण फक्त विकतो आहोत, आणि ओला माल ओला म्हणूनच विकतो आहोत," बापू म्हणाले.

"आणि तो वाळवून काय काढणार? पाणीच ना?" अण्णांनी विचारले.

अण्णांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण त्यांना जे म्हणायचे होते, ते मिठागराचेच तत्त्व होते. ते पाणी काही नुसते पावसाचे नव्हते. वाटेतल्या नाल्यांतले, गटारांतले, संडासांतले जे काही त्यात विरघळले होते, ते डाळीच्या दाण्यात आणि साखरेच्या कणांत मुरले होते. उन्हात पसरले की पाणी उडेल. बाकीचे तेथेच राहील. साखर पाण्यात गेली एवढेच सर्वांना दिसत होते. पाणीही साखरेत गेले होते, हे दिसत नव्हते.

निर्णय लागला तो बाईंमुळे. त्यांनी दारापुढे साचलेल्या पाण्याचा तांब्या भरून घेतला, त्यात तुरटी फिरवली, गाळ खाली बसू दिला आणि वरचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळले. पाणी काचेसारखे निवळले. बाईंनी तांब्या नाकाशी नेला, बापूंच्या नाकाशी धरला आणि ओतून दिला. बोलल्या काहीच नाहीत. त्या आठवड्यात चहूकडे पाणी असूनही त्या घरात पिण्याचे पाणी टँकरवरून येत होते, तेही मोजून.

टेम्पो रिकामा गेला. भिजलेला सारा माल महापालिकेच्या गाडीत भरला गेला. त्यात ती अर्धी ओली साखरही होती. तेलाचे डबे धुऊन, पुरातले आहेत असे गिऱ्हाइकाला सांगून, कमी भावात विकले.

त्या महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये अण्णांनी भिजलेल्या मालापुढे शून्य लिहिले. ज्यांनी कॅश क्रेडिट वापरले आहे, त्यांना या शून्याची किंमत निराळी सांगायला नको. उचल मालावर ठरते. मार्जिन पंचवीस टक्के धरले तर शंभराचा माल गेला की पंचाहत्तरांची उचल जाते आणि घेतलेली रक्कम त्याच दिवशी मर्यादेबाहेरची ठरते. एखाद-दुसऱ्या महिन्यासाठी जुनेच आकडे पुढे ओढणारे व्यापारी असतात, आणि त्यांतील काही पुढे सावरतातही. येथे तसे झाले नाही. मागचा गाळा विकून खाते नियमित करावे लागले. अभियांत्रिकीची जागा सुटली; मुलगा बी.कॉम.ला गेला.

अण्णांचा निर्णय योग्य होता, यात शंका घेण्यासारखे काही नाही. त्याची किंमत मात्र त्यांच्या एकट्याच्या खिशातून गेली नाही, आणि ज्याच्या भविष्यातून ती गेली त्याला कोणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे. असे निर्णय सांगताना ही दुसरी बाजू बहुधा सांगितली जात नाही. बापूंनी त्या दिवसांविषयी तक्रारीचा शब्द काढला नाही. पुढच्या वर्षी बाई गेल्या आणि दिवाळीनंतर चुली वेगळ्या झाल्या. तराजू, गल्ला, खातेवह्या, सारे समजुतीने वाटले गेले. बापू डोंबिवलीला आले, त्यांनी सुक्या मेव्याचे छोटे दुकान घातले. येणेजाणे राहिले, सणवार राहिले, पर्युषणानंतरची क्षमापनाही राहिली. पुराचा विषय तेवढा दोन्ही घरांत कधी निघाला नाही.

तो निघाला जवळजवळ वीस वर्षांनी, तोही वाटीभर व्हिनेगरमुळे.

बापूंची नात सहावीत होती. शाळेत मिश्रणे वेगळी करण्याचा पाठ चालू होता आणि घरी प्रयोग करून वहीत लिहायचे होते. व्हिनेगर त्या घरात खाण्यासाठी येत नाही. आंबवून केलेले ते चालत नाही. ॲसेटिक आम्लात पाणी घालून केलेले, ज्याच्या बाटलीवर तसे छापणे कायद्याने बंधनकारक आहे, तेही केवळ नळावरचे पांढरे डाग काढण्यासाठी आणले जाते. डाग निघतात, कारण तो चुन्याचा थर आम्लात विरतो आणि फसफसून त्यातला वायू निघून जातो. तो थर पुन्हा जुळवता येत नाही. मुलीने ती बाटली पाहिली आणि दोन प्रयोग लावले. एका काचेच्या बरणीत उकळत्या पाण्यात साखर विरघळवून दोरा सोडला. दुसऱ्या पातेलीत व्हिनेगरमध्ये साखर विरघळवली. बरणीतल्या दोऱ्यावर, पावसाळा असूनही, सहाव्या दिवशी खडीसाखरेचे बारीक खडे धरले. पातेली तिने आईला शेजारी उभे करून, खिडक्या उघडून, गॅसवर आटवली. व्हिनेगर उडून गेले, डोळ्यांना पाणी आले आणि तळाशी राहिला तो पिवळट चिकट पाक. साखर काही परत आली नाही. दोन दिवस ठेवला तरी तो पाकच राहिला.

तिच्या आजीला यात नवल वाटले नाही. गुलाबजामचा पाक साखरू नये म्हणून त्यात लिंबू पिळतात, तसेच झाले, असे त्या म्हणाल्या. कारणही तेच आहे. साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन लहान शर्करांची जोडी. आंबट द्रवात उष्णता मिळाली की ती जोडी सुटू लागते, आणि सुटलेल्या दोघी एकमेकींच्या आणि उरलेल्या साखरेच्याही स्फटिक होण्याच्या आड येतात. गोडी कायम राहते, दाणा परत येत नाही. मध सहसा पातळ राहतो तोही याच दोन शर्करांमुळे. साध्या पाण्यातून साखर जशीच्या तशी परत मिळते. म्हणजे विरघळणे हा प्रकार एक दिसला, तरी कशात विरघळली यावर सारे अवलंबून असते.

त्याच रविवारी अण्णा नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन कल्याणहून आले होते. वय ऐंशीच्या पुढे; पण लोकलने आले. पत्रिका देवापुढे ठेवून झाली, पाणी झाले, आणि मुलीने बरणी व पातेली त्यांच्यापुढे आणून मांडली.

"मोठे आजोबा, यातली साखर कुठे गेली असेल?"

अण्णांनी पातेली हातात घेतली, कलती करून पाहिली. पाक सावकाश एका बाजूला उतरला.

"आमची तेरा पोती अशीच गेली," ते म्हणाले. "तुझा बाबा तेव्हा बारावी झालेला होता."

खोलीत क्षणभर पंख्याचाच आवाज राहिला. बापू खिडकीपाशी बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी केले.

"अकरा," बापू म्हणाले.

"तेरा. मी स्वतः पोती मोजली होती. स्टेटमेंटलाही तेरा लिहिली."

"विरघळली अकरा. दोन वरून पडली होती. ती ओली झाली होती, गेली नव्हती."

"ओली झाली म्हणजे गेलीच, बापू."

"एका पोत्याची वरची बाजू कोरडी होती, अण्णा. मी हात घालून पाहिला होता."

अण्णांनी पातेली खाली ठेवली. ते पोते त्यांनी उघडून पाहिले नव्हते. बाहेरून ओले दिसले, तेवढ्यावर गाडीत चढवले होते. हे ते सावकाश, आठवून आठवून बोलले. मुलगी दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. तिच्या मांडीवर वही उघडी होती आणि वहीत किती पोती लिहायची, हे तिने दोनदा विचारले.

आतून आजीने हाक मारली. सूर्यास्ताला पाऊण तास उरला होता आणि पाने घेतली होती. बापू उठले, अण्णांना हात देऊन उठवले, आणि जेवणघराकडे जाता जाता विचारले, की त्या दुसऱ्या पोत्याचे तोंड शिवलेले होते की उसवलेले, ते अण्णांना आठवते का.